पक्षाघातानंतर तोल जाणे आणि पुन्हा पुन्हा पडणे

कृष्णाकाठ :

नमस्कार. माझ्या आईला, वय ६८, मागच्या पावसाळ्यात पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि डावा हात व डावा पाय लुळा पडला. घरी आणल्यानंतर फिजिओथेरपिस्टनी नेमाने व्यायाम करून घेतले, त्यामुळे पायात बरीच ताकद आली आहे. ती काठी घेऊन घरातल्या घरात चालते, आपल्या हाताने जेवते आणि तिचे बोलणेही स्वच्छ आहे. आता जरा निर्धास्त व्हावे अशी परिस्थिती आली आणि नेमके तेव्हाच तिचे पडणे सुरू झाले.

ओट्यापाशी उभी असताना मी मागून हाक मारली, तर वळता वळता ती डाव्या अंगावर कोसळली. पहाटे बाथरूमला जाण्यासाठी उठली आणि पलंगाशेजारीच मटकन खाली बसली. दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटणे तर नित्याचे झाले आहे. अजून कुठले हाड मोडलेले नाही, पण मनाने इतकी धास्ती घेतली आहे की दिवसचे दिवस ती पलंगावरून हलायला तयार नसते. तिला मधुमेह आहे, शिवाय रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. बाबांचे म्हणणे असे की, तिला आता एका जागी बसवूनच ठेवावे. मला ते पटत नाही, परंतु त्यांना समजावून सांगण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही. पायात ताकद आलेली असताना तोल का जातो आणि घरच्यांनी नेमके काय करावे, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

निंबोणी :

ताई, मी मेंदूविकाराच्या रुग्णांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. आईंना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण आपण लिहिलेल्या तपशिलांतून काही गोष्टी ठळकपणे दिसतात, त्या सांगते.

ताकद आणि तोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण उभे असतो तेव्हा मेंदू तीन ठिकाणांहून येणारी माहिती जुळवत असतो : डोळ्यांना काय दिसते, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय काय सांगते आणि तळपाय, घोटे व गुडघे यांतून शरीराच्या स्थितीची कोणती जाणीव येते. त्यानुसार तो क्षणोक्षणी स्नायूंना सूचना देत राहतो. पक्षाघातात यांपैकी कोणताही दुवा तुटू शकतो. त्यातून मधुमेह जुना असेल तर दोन्ही तळपायांची संवेदना आधीच मंदावलेली असते आणि सगळी भिस्त डोळ्यांवर राहते. असे रुग्ण अंधारात अधिक पडतात ते याच कारणाने.

चौकटीवर डावा खांदा आपटतो असे आपण लिहिलेत, म्हणून आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांच्या बाबतीत डावीकडचे जग त्यांच्या लक्षातूनच निसटते. डोळे धड असतात, दिसतही असते, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. आणि आपल्यात असे काही उणे आहे याची रुग्णाला कल्पनाच नसल्यामुळे तो कधी तक्रारही करत नाही. काहींची डाव्या बाजूची दृष्टीच गेलेली असते. या दोहोंतला फरक तपासणीत कळतो. तूर्त घरी एवढे पाहा : आईंना वाढलेल्या ताटातील डावी बाजू, म्हणजे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, त्या खातात का? केस विंचरताना डावीकडचे केस तसेच राहतात का?

दुसरे असे की, आईंचे पडणे हा एकच प्रश्न आहे असे समजू नका. वळताना कोसळणे, पहाटे उठताना खाली बसणे आणि चौकटीवर आपटणे या तीन निराळ्या घटना आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा निराळी आहेत. एक वही घाला. आई पडल्यावर, किंवा पडता पडता सावरल्यावरही, वेळ, जागा, त्या क्षणी त्या काय करत होत्या, कोणत्या बाजूला गेल्या, पायात काय होते आणि आधीची गोळी कधी घेतली होती, एवढे लिहून ठेवा. ही वही पाहून डॉक्टरांना जे कळेल ते नुसत्या सांगण्यातून कळणार नाही.

मागून हाक मारणे मात्र घरातील सगळ्यांनी आजपासूनच बंद करावे. आपण चालतो ते आपोआप, त्यांना मात्र प्रत्येक पाऊल लक्षपूर्वक टाकावे लागते, आणि ते लक्ष दुसरीकडे गेले की तोल जातो. चालताना कोणी बोलू लागले की ज्यांना थांबावे लागते, ते पुढे पडण्याची शक्यता अधिक असते, असे स्वीडनमधील संशोधकांनी वृद्धांच्या बाबतीत १९९७ सालीच नोंदवले आहे. त्यामुळे आईंच्या समोर जावे आणि त्या थांबल्या की मग बोलावे. वळताना एका पायावर गिरकी न घेता, लहान लहान पावले टाकत मोठा वळसा घेऊन वळण्याचा सराव त्यांच्याकडून करून घ्यावा.

शेवंता :

पहाटे पलंगाशेजारी खाली बसल्या हे वाचून मला लगेच आमच्याकडची गोष्ट आठवली. माझ्या यजमानांनाही पक्षाघातानंतर सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असे आणि आम्ही ते अशक्तपणावर घालत होतो. डॉक्टरांनी एके दिवशी त्यांचा रक्तदाब आधी झोपवून मोजला, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजला. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा आकडा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर ते पडण्याचे कारण असू शकते, असे त्यांनी समजावून सांगितले. यजमानांना प्रोस्टेटसाठी रात्री एक गोळी होती, तीही रक्तदाब उतरवणारीच निघाली. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून दिल्या आणि त्या अंधाऱ्या थांबल्या.

आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका, कारण रक्तदाब वाढला तर दुसऱ्या झटक्याचा धोका असतो. परंतु झोपून आणि उभे करून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजा, असा आग्रह डॉक्टरांकडे जरूर धरा. झोपेची गोळी चालू असेल तर तीही त्यांच्या कानावर घाला. आणि आईंना कुशीवर वळून, पाय खाली सोडून, थोडा वेळ काठावर बसून, घोटे वरखाली हलवून मगच उठण्याची सवय लावा. मधुमेह असल्याने पहाटेची साखरही एकदोनदा तपासून पाहावी, कारण साखर उतरल्यावरही माणूस असाच खाली बसतो.

कृष्णाकाठ :

निंबोणीताई, आपण ताटाविषयी विचारले आणि मी त्याच दिवशी लक्ष ठेवले. आईला काकडीची कोशिंबीर फार आवडते आणि त्या दिवशी ती तिनेच सांगून करवून घेतली होती. भाजी, आमटी, भात सगळे संपले आणि कोशिंबीर जशीच्या तशी राहिली. मी विचारले तर म्हणाली, "वाढलीच नाहीस की." मी ताट अर्धे फिरवून कोशिंबीर उजवीकडे आणली, तेव्हा तिने ती आवडीने खाल्ली. झटका आल्यापासून तिने चटणी-कोशिंबीर सोडली असे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

बाबा समोर बसून हे पाहत होते. तिला बसवून ठेवण्याचा विषय त्यानंतर त्यांनी काढलेला नाही.

अश्वत्थ :

मला बाबांची बाजू मांडावीशी वाटते. माझे वडील पक्षाघातानंतर चालण्याच्या हट्टापायी पडले, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि त्या अंथरुणावरून ते परत उठले नाहीत. फिजिओथेरपिस्ट दिवसातून तासभर येतात आणि जातात, उरलेले तेवीस तास घरच्यांना काढायचे असतात. ज्या घरी दिवसभर एकच माणूस असतो, त्या घरी चाकाची खुर्ची हाच सुरक्षित मार्ग आहे, असे मी अनुभवाने म्हणतो.

निंबोणी :

अश्वत्थदादा, आपल्या वडिलांविषयी वाचून फार वाईट वाटले. आपण मांडलेली अडचण खरी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. घरी परतलेल्यांपैकी पुष्कळ जण पडतात. ब्रिटनमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रुग्णालयातून घरी गेलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्ण पहिल्या सहा महिन्यांत निदान एकदा पडले होते.

तरीही बसवून ठेवण्याला माझा विरोध आहे, आणि तोही खुब्याच्या हाडाच्याच काळजीने. ज्या पायावर भार पडत नाही त्या पायाचे हाड विरळ होत जाते. पक्षाघाताचा रुग्ण बहुधा कमजोर बाजूलाच पडतो आणि खुबाही त्याच बाजूचा अधिक मोडतो. म्हणजे न चालल्यामुळे हाड आणखी ठिसूळ होते, मांडीचे स्नायू झिजतात, आणि बाथरूमला जाण्यासाठी कधी ना कधी उठावे लागतेच, तेव्हाचे पडणे पहिल्यापेक्षा अधिक महागात पडते. हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी डॉक्टरांना विचारून जरूर करून घ्यावी.

चाकाच्या खुर्चीला माझा नकार नाही. लांब जायचे असेल, रुग्ण थकलेला असेल, ताप आलेला असेल, तेव्हा ती वापरावीच. परंतु घरात कोणी सोबत असेल तेवढ्या वेळेत उभे राहणे आणि चालणे झालेच पाहिजे. माणूस एकच असेल तर मी एका व्यायामावर भर देते : मजबूत, हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, समोर जड टेबल ठेवायचे आणि दोन्ही पायांवर सारखा भार देत हळूहळू उठायचे व तितक्याच हळू बसायचे. बसताना धप्पकन अंग टाकू द्यायचे नाही, कारण सावकाश बसण्यातच पायाला खरे काम पडते. खुर्ची थोडी उंच असेल तर सुरुवात सोपी जाते. पुढे उंची कमी करत जावे. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते हे खरे, पण त्यानंतर दार बंद होते असे मुळीच नाही.

सोबत करणाऱ्याने रुग्णाच्या कमजोर बाजूला, किंचित मागे राहावे. आधार कमरेला द्यावा, त्यासाठी रुंद पट्टा मिळतो. लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो. काठी मात्र चांगल्या हातात असावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना कमजोर पाय आधी.

पांथस्थ :

मी स्वतः रुग्ण आहे. निवृत्त शिक्षक, राहणार नाशिक. माझ्या लहान मेंदूत झटका आला होता. माझे हातपाय लुळे पडले नाहीत, तोंड वाकडे झाले नाही, त्यामुळे मला पक्षाघात झाला आहे यावर कोणाचा विश्वासच बसत नसे. उभा राहिलो की जमीन बोटीच्या फळीसारखी हलायची. पाय फाकून, भिंतीला हात लावत चालायचो. रस्त्यात लोक वेगळ्याच नजरेने पाहत आणि बाजूला होत, त्याचा मनाला जो त्रास झाला तो आजाराहून कमी नव्हता. माझ्यासारख्या रुग्णाच्या घरच्यांना एवढेच सांगेन की, त्याला "नीट चाल" असे म्हणू नका. तो नीट चालण्यासाठी जिवाचे रान करत असतो.

माझे सगळ्यांत वाईट पडणे आंघोळ करताना झाले. डोक्यावरून पाणी घेताना आणि तोंडाला साबण लावताना आपण डोळे मिटतो. वर निंबोणीताईंनी लिहिले आहे तसा माझा सगळा तोल डोळ्यांवर होता आणि डोळे मिटताच तो गेला. तेव्हापासून मी बसूनच आंघोळ करतो आणि केस धुताना एक हात भिंतीवरच्या दांड्यावर ठेवतो. अंधारात, गर्दीत किंवा वर पाहून फडताळातली वस्तू काढताना हेच होते.

मला उपयोगी पडलेला व्यायाम असा : खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंतींकडे पाठ करून उभे राहायचे, समोर खुर्ची ठेवायची, पाय हळूहळू जवळ आणायचे आणि मग मान सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवायची. मागे भिंती असल्याने पडण्याची भीती राहत नाही. हा व्यायाम आधी तज्ज्ञांसमोर शिकावा आणि सुरुवातीला कोणीतरी जवळ असावे.

आणखी एक सांगतो. जुना तोल जाणे आणि नव्याने अचानक तोल जाणे यांत फरक करा. एकाएकी भोवळ, दोन दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हात गळून पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करा आणि जेथे सीटी स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयात थेट जा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. झोपून राहू, सकाळी पाहू, असे कृपा करून करू नका.

मोगरा :

बाथरूमविषयी पांथस्थ सरांनी लिहिलेच आहे, त्यात सासूबाईंच्या सेवेतून शिकलेल्या काही गोष्टींची भर घालते. प्लास्टिकचे हलके स्टूल ओल्या फरशीवर सरकते, त्यामुळे पायांना रबरी बूच असलेली आणि पाठ असलेली खुर्चीच घ्यावी. टॉवेल अडकवायच्या दांड्याला धरून माणूस उठला तर दांडा भिंतीतून निघून हातात येतो, म्हणून आधाराचा दांडा वेगळा, विटांच्या भिंतीत पक्का बसवून घ्यावा आणि तो रुग्णाच्या चांगल्या हाताला येईल असा असावा. बादली जमिनीवर न ठेवता दुसऱ्या स्टुलावर ठेवली तर वाकावे लागत नाही. दाराला आतून कडी लावू देऊ नये. आम्ही दारावर बाहेरून टॉवेल टाकायचो, तो दिसला की आत कोणी आहे हे कळायचे आणि सासूबाईंचा संकोचही राहायचा नाही.

घरातली सुटी पायपुसणी आणि चटया काढून टाकाव्यात. जमिनीवर टेकणारा गाऊन पायात अडकतो, तो घोट्याच्या वर शिवून घ्यावा. अंगठ्याची चप्पल लुळ्या पायातून निसटते, मागे पट्टा असलेली घ्यावी. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा ठेवावा, आणि आमच्या गावासारखी वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा. उंबरठा काढता येत नसेल तर त्यावर ठसठशीत रंगाची पट्टी लावावी.

कृष्णाकाठ :

मोगराताईंची पट्टीची युक्ती आम्ही दाराच्या डाव्या चौकटीवरही केली आहे. लाल पट्टी डोळ्यांच्या उंचीवर लावली असून, दारातून जाण्याआधी थांबून ती शोधायची असे आईला शिकवतो आहोत. डॉक्टरांनी दोन्ही प्रकारे रक्तदाब मोजला, तो उभे राहिल्यावर खरोखरच उतरतो, आणि त्यांनी गोळ्यांची फेरमांडणी केली आहे. आता एक विचारते : आम्ही दोघेही घरात असताना ती पडली, तरी तिला उचलताना आमची त्रेधा उडते. कसे उचलावे?

निंबोणी :

उचलू नका, उठायला मदत करा. आधी मिनिटभर तिथेच राहू द्या. कुठे दुखते ते विचारा. खुब्यात किंवा जांघेत दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. आईंना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आहेत, त्यामुळे डोक्याला मार लागला असेल तर वरून काही दिसत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. पुढच्या काही दिवसांत डोकेदुखी वाढली, उलटी झाली किंवा सुस्ती आली, तर क्षणाचाही विलंब करू नका.

तसे काही नसेल तर एक मजबूत खुर्ची जवळ आणा. आईंना चांगल्या कुशीवर वळवा, चांगल्या कोपरावर आणि मग तळव्यावर जोर देत बसते करा. तेथून गुडघ्यांवर येऊन खुर्चीकडे तोंड करायचे, चांगला हात खुर्चीच्या बैठकीवर टेकवायचा, चांगले पाऊल पुढे रोवायचे आणि त्या पायावर जोर देऊन उठायचे. तुम्ही कमजोर बाजूला राहून कमरेला आधार द्यायचा. काखेत हात घालून ओढायचे नाही. याचा सराव जाड गादीवर, फिजिओथेरपिस्ट समोर असताना आधीच करून ठेवा. पडलो तरी उठता येते हे एकदा कळले की रुग्णाची चालण्याची भीती जेवढी कमी होते, तेवढी दुसऱ्या कशानेही होत नाही, असे मी माझ्या रुग्णांमध्ये पाहिले आहे.

सागरतीर :

आईंचे डावे पाऊल चालताना लोंबते का आणि बोटे फरशीला घासतात का? तसे असेल तर घोट्याला आधार देणारा प्लास्टिकचा ब्रेस, ज्याला एएफओ म्हणतात, तो मापाचा करून घ्यावा. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली सुरू झालेली केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तेथे असे ब्रेस तयार करणारा विभाग आहे. महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये बँक खात्यात मिळतात. अर्जाविषयी आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

कृष्णाकाठ :

ब्रेस झाला आहे, पण तो बुटाशिवाय घातला की फरशीवर सटकतो, आणि बूट घालून आई घरात वावरायला तयार नाही. स्वयंपाकघरात आणि देवघरापाशी पायताण नको, हे तिच्या रक्तातच आहे. मला तिचे मन मोडायचे नाही.

निंबोणी :

आमच्या बहुतेक रुग्णांच्या घरी हीच अडचण येते. एक नवा, हलका, कापडी बूट आणा, जो उंबरठ्याबाहेर कधीच जाणार नाही, आणि तो आईंच्या हाती देऊन तसे सांगा. डाव्या पायात ब्रेससह मोठ्या मापाचा आणि उजव्या पायात नेहमीच्या मापाचा, पण दोन्ही तळ सारख्याच उंचीचे असावेत. देवघरापाशी खुर्ची ठेवा. तेथे बसून बूट काढायचा, पूजा बसूनच करायची आणि बूट घालूनच उठायचे. मधुमेह आहे म्हणून ब्रेस काढल्यावर रोज टाच, घोटा आणि बोटांच्या कडा निरखून पाहा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ब्रेस घालणे थांबवा आणि ज्यांनी तो केला त्यांच्याकडून तेवढी जागा सैल करून घ्या.